शेंदराची रेघ

स्टेअरिंगचा स्क्रू मी आवळला होता. हे एवढंसं वाक्य मी नऊ वर्षं कोणापुढे उच्चारलं नाही. आता लिहायला बसलो आहे तर ते पहिल्याच ओळीत असावं, मागून कुठेतरी सफाईने येऊ नये. गैरसोयीचा भाग कागदात कुठे दडवायचा हे वकिलाला चांगलं कळतं, आणि मी वकील आहे.

आमचं घर अमरावतीचं. वडील फौजदारी वकील. मीही सनद घेऊन त्यांच्याच हाताखाली काम करत होतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी तिशीचा होतो. वडिलांकडे एक जुनी विलायती गाडी होती, लढाईच्या आधीची. अमरावती, अकोला, अचलपूर, जिथे तारीख असेल तिथे ती गाडी जायची. ती चालवणारा माणूस तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातला, शेतकरी घरचा. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. घरात सगळे त्याला भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणायचो, पण बोलायचो अरे-तुरे. तो मला ‘छोटे वकीलसाहेब’ म्हणायचा, आणि त्यात थोडी थट्टा असायची, कारण तेव्हा माझ्या नावावर जिंकलेला एकही खटला नव्हता.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. बाकीचे ड्रायव्हर झेंडूचा हार घालून, नारळ फोडून मोकळे व्हायचे. भाऊ वाटीत शेंदूर तेलात कालवायचा आणि काडेपेटीची काडी घेऊन गाडीखाली शिरायचा. चाकांचे, स्टेअरिंगचे, ब्रेकचे जे जे महत्त्वाचे नट, त्या प्रत्येकावर तो एक बारीक रेघ ओढायचा. अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर.

“ही कोणत्या देवाची पूजा?” मी एकदा विचारलं.

“नट हालला का रेघ तुटते, साहेब. देवाले काई मांगत नाई मी. रोज सकाळी खाली पाहतो, सारं जागच्या जागी असलं तं बाप्पा खुश.”

त्याची ही रीत मला गमतीची वाटायची. पुढे मी तिचा काय उपयोग केला ते येईलच.

गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं होतं. चाक हातात धरून हळूच फिरवलं तर चार बोटं फिरेपर्यंत पुढची चाकं हलत नसत. भाऊला त्याची सवय झाली होती. मला मात्र लाज वाटायची. त्या दिवसांत कुठल्याशा इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की अमेरिकेत तेलाच्या दाबावर फिरणारं स्टेअरिंग निघालं आहे, एका बोटाने वळतं. आणि आमची गाडी सरळ चालवायलाही भाऊ दोन्ही हातांनी दळण दळल्यासारखा हलत असायचा. बार रूममध्ये एका वकिलाने म्हटलंही, “तुमचा ड्रायव्हर गाडी चालवतो का ताक घुसळतो?”

मी भाऊला म्हटलं, “हे नीट कर.”

“करतो. पण आंधी खालचं पाहा लागते. चाकाचे बेरिंग, आडव्या दांडीचे गोळे, चाक ज्याच्यावर वळते त्या किंगपिना. तिथं झीज असंल तं ती काढा लागते. मंग बॉक्समधलं तेल. स्क्रूले हात सर्व्यात शेवटी.”

त्याने मला बॉनेट उघडून दाखवलं. स्टेअरिंगचा दांडा जिथे संपतो तिथे लोखंडाची पेटी असते, तिलाच तो बॉक्स म्हणायचा. आत दाते. वरच्या बाजूला एक स्क्रू आणि त्याला जखडून ठेवणारा नट. त्यांच्यावर शेंदराची रेघ.

“हा आवळला का ढिल जाते?”

“जाते. पण दाते मधात घासले आहेत, बाजूचे तसेच आहेत. गाडी सरळच चालते ना जास्त. मधातली ढिल पुरी काढली तं वळणावर बॉक्स धरते, अडकते. पाव फेरा, लय झालं तं. आन् पुढची चाकं जॅकवर उचलून दोन्हीकडे पुरं फिरवून पाहा लागते. थोडा खेळ ठेवाच लागते, साहेब.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, चौथी शिकलेला माणूस, ऐकीव गोष्टी सांगतो आहे. माझ्याजवळ गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं. त्यात स्क्रूचं चित्र होतं, आणि ढिलाई कशी काढावी ते पाच ओळींत लिहिलं होतं. झिजलेल्या बॉक्सबद्दल त्या पाच ओळींत काही नव्हतं. पुस्तक नव्या गाडीसाठी लिहिलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

भाऊ पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस गावी गेला. तिसऱ्या दिवशी वडिलांची अकोल्याला तारीख होती आणि तिथून पुढे अकोटला एका पक्षकाराकडे जायचं होतं. रविवारी दुपारी मी बॉनेट उघडलं, नट सैल केला आणि स्क्रू आवळत गेलो. पाव फेरा, अर्धा, एक. आणखी अर्धा. प्रत्येक वेळी आत बसून चाक हलवून बघायचो. दीड फेऱ्यानंतर ढिलाई अजिबात राहिली नाही. गाडी जॅकवर चढवली नाही. चाकं शेवटपर्यंत फिरवून पाहिली नाहीत. गाडी सरळ उभी होती, सरळच तपासली, आणि हात धुऊन जेवायला गेलो. जेवताना वडिलांना सांगितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आपणहून लक्षात यावं आणि त्यांनी विचारावं, अशी माझी हौस.

सोमवारी सकाळी भाऊने फाटकातून गाडी बाहेर काढली आणि लगेच थांबवली. खाली उतरून त्याने बॉनेट वर केलं.

“रेघ तुटली. कोनं हात लावला?”

“मी. नव्यासारखं झालं की नाही?”

“जड करून ठेवलं तुमी. वळवतानी धरून राहिलं. मी उगीच सांगतलं होतं काय?”

“उशीर होतोय. वडील आत बसलेत. परत आल्यावर पाहू.”

वडील मागच्या सीटवर कागद वाचत होते. वाचताना त्यांना जगाची शुद्ध नसे. मी पुढे भाऊशेजारी बसलो. मूर्तिजापूरमार्गे अकोल्यापर्यंत रस्ता सरळ. गाडी खरोखर छान चालली, आणि मी भाऊकडे दोनदा मुद्दाम पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता.

अकोल्याला कोर्टाच्या आवारात भाऊने डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मी ओसरीवरून पाहिलं आणि खाली आलो.

“काय करतोस?”

“एक फेरा ढिला करतो. पुढं अकोटच्या रस्त्याले वळनं आहेत.”

“मी केलेलं बिघडवू नको. हात लावायचा नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हर कपड्यात गुंडाळून पुन्हा डिकीत ठेवला. “तुमची गाडी, साहेब,” म्हणाला.

पूर्णेचा पूल ओलांडल्यावर पुढे एका वळणावर समोरून म्हशींचा कळप आला. भाऊने गाडी डावीकडे घेतली. ती वळली, पण चाक परत फिरेना. मी शेजारीच होतो. त्याच्या दंडाच्या शिरा मला दिसल्या. दोन्ही हातांनी तो चाक उजवीकडे ओढत होता, पाय ब्रेकवर होता, आणि गाडी डावीकडेच जात राहिली. रस्त्यावरून खाली उतरून ती बाभळीवर आदळली. फार वेगात नव्हती, म्हणून आम्ही जगलो. भाऊच्या कपाळाला खोक पडली. मला खरचटलं. वडील मागून पुढच्या सीटवर फेकले गेले, त्यांचा उजवा हात कोपरात मोडला.

बाभळीखाली बसून, हात छातीशी धरून, वडिलांनी पहिला प्रश्न विचारला.

“झोपला होतास का रे? दोन दिवस लग्नात जागला असशील.”

“झोप नाई साहेब. स्टेरिंग अडकलं. यायनं स्क्रू आवळला होता.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “काय केलंस तू?”

“मी फक्त तेल घातलं बॉक्समध्ये,” मी म्हणालो.

हे उत्तर मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं, आणि एकदा आल्यावर मला ते मागे घेता आलं नाही. भाऊने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं. मग वडिलांना म्हणाला, “साहेब, अकोल्यात मिस्त्रीसमोर बॉक्स तपासा. त्याच्यावरून ठरवा.”

“बरोबर आहे,” वडील म्हणाले. तसे ते न्यायी होते. पुराव्याशिवाय कुणाला दोष देणं त्यांना आवडत नसे.

एका ट्रकवाल्याने आम्हाला अकोल्याला आणलं, गाडीही दोर बांधून ओढत आणली. वडील दवाखान्यात. भाऊच्या कपाळाला तिथेच टाके घालत होते. मिस्त्री जेवायला गेला होता. गाडी गॅरेजच्या अंगणात एकटी उभी होती, आणि तिच्याजवळ मी.

डिकीतून कपड्यात गुंडाळलेला तो स्क्रू-ड्रायव्हर मी काढला. नट सैल केला. स्क्रू दीड फेरा मागे फिरवला. नेमका कुठे थांबवायचा हे मला शेंदराने सांगितलं. स्क्रूवरची, नटावरची आणि पेटीवरची रेघ पुन्हा एका ओळीत आली तिथे थांबलो आणि नट घट्ट केला. काही हललं तर कळावं म्हणून भाऊने ती रेघ ओढली होती. काही हललंच नव्हतं असं दिसावं म्हणून मी ती जुळवली.

मिस्त्री आला. वडील हात गळ्यात बांधून आले. भाऊ कपाळाला पट्टी लावून आला. मिस्त्रीने चाक हलवून पाहिलं, पुढची बाजू उचलून दोन्हीकडे फिरवून पाहिलं.

“ढिला आहे. चार बोटं ढिला आहे. पण अडकत नाई कुठं. स्क्रूवरचा शेंदूर पाहा ना, जसाच्या तसा आहे.”

भाऊने वाकून रेघ पाहिली. मग त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पाठीमागे नेले. त्याने मान खाली घातली आणि तो काहीच बोलला नाही. का बोलला नाही, हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, सुटलो.

वडिलांनी त्याला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. ओरडले नाहीत. “झोप कोणालाही लागते. पण तू खोटं बोललास, आणि माझ्या मुलावर घातलंस,” एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी भाऊ घरी आला. एस.टी.त ड्रायव्हरची भरती होती आणि त्याला आधीच्या मालकाचं पत्र पाहिजे होतं. तो ओसरीवर उभा राहिला. वडिलांचा हात अजून प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून त्यांनी मला लिहायला बसवलं. पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. अकरा वर्षं काम केलं, निर्व्यसनी, प्रामाणिक म्हणून राहिला. आणि शेवटी: गाडी चालवताना झोप लागून अपघात केला, तरी प्रवाशांच्या जिवाचा विचार करून योग्य तो निर्णय घ्यावा. वडिलांनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. वडील म्हणाले, “खरं ते लिहिलं पाहिजे. उद्या याच्या बसमध्ये पन्नास माणसं बसतील.”

भाऊला वाचता येत होतं. त्याने पत्र वाचलं, घडी घातली, वडिलांना नमस्कार केला. मला म्हणाला, “अक्षर चांगलं आहे तुमचं.”

ते पत्र घेऊन तो कुठे गेला नसणार. अमरावतीत दुसऱ्या कुणाकडेही त्याला गाडी मिळाली नाही. वकिलांच्या गाड्या मोजक्या, आणि बार रूममध्ये गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तो गावी परत गेला एवढंच कानावर आलं.

वडिलांचा हात पुरता सरळ झाला नाही. पुढे कधी विषय निघाला तर म्हणायचे, “माणूस सोन्यासारखा होता. झोपेने घात केला.” मी समोर बसलेला असायचो. सात वर्षांनी ते गेले. शेवटच्या आजारात मी पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होतो, आणि त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी ठरवत होतो की आज सांगायचं.

त्यानंतर दोन वर्षांनी अकोल्याच्या कोर्टात मी एका ट्रक ड्रायव्हरचा खटला चालवला. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा आरोप. ट्रक रस्ता सोडून एका दुकानात शिरला होता. माझं म्हणणं होतं की स्टेअरिंग अडकलं. सरकारी बाजूच्या मिस्त्रीला मी उलटतपासणीत विचारलं: दाते मध्ये जास्त झिजतात की बाजूला? मधली ढिलाई पूर्ण काढली तर वळणावर काय होतं? चाकं उचलून, दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून तुम्ही तपासलं होतं का? नव्हतं तपासलं. ड्रायव्हर सुटला.

बाहेर आल्यावर तो माझ्या पाया पडला. पन्नाशीचा माणूस.

“साहेब, तुमाले गाडीतलं इतकं कसं काय मालूम?”

“एका माणसाने शिकवलं,” म्हणालो, आणि लिंबाखाली जाऊन बराच वेळ उभा राहिलो. भाऊचा शब्द न् शब्द वापरून मी एका परक्या माणसाला सोडवलं होतं आणि त्याची फीसुद्धा घेतली होती.

पुढच्या रविवारी एस.टी.ने तेल्हाऱ्याला गेलो, तिथून पायी त्याच्या गावी. खिशात एक पत्र होतं. जे घडलं ते सगळं त्यात लिहून मी सही केली होती. कापसाची वेचणी चालू होती. रस्त्यात विचारलं तर लोक म्हणाले, “इंजिनवाले भाऊ? तिकडं मळ्यात असतीन.”

तो एका विहिरीवरच्या ऑइल इंजिनपाशी बसला होता. आसपासच्या गावांतली इंजिनं दुरुस्त करायचं काम तो करत होता. केस पांढरे झाले होते. कपाळावर टाक्यांची खूण. इंजिनाच्या नटांवर शेंदराच्या ताज्या रेघा होत्या.

“या, छोटे वकीलसाहेब,” तो म्हणाला. “आता मोठे झाले असान. साहेब गेल्याचं समजलं होतं.”

मी बसलो नाही. उभ्यानेच बोललो. “भाऊ, मी तुमची माफी मागायला आलो. स्क्रू मी आवळला होता आणि मीच...”

“मले माहीत आहे,” तो म्हणाला. हातातला पाना त्याने बाजूला ठेवला. “गॅरेजात तुमच्या नखायमंधी शेंदूर होता. हात मांगं नेले तुमी, पण दिसला मले.”

“मग बोलला का नाही?”

“कोनाजवळ? साहेबाच्या पोराचे नखं पाहा म्हनून साहेबाले सांगू? बसा आता. कावून उभे राहिले? आन् मले तुमी-आमी कायले करून राहिले? पयले तं तू म्हनत होते.”

मी बसलो. पत्र काढून पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

“आता याचं काय करू? भरतीचं वय गेलं. इंजिनं चालतात, पोट चालते. कागद ठेवा तुमी.” त्याने फडक्याला हात पुसले. “एक करा. घरी चाला. माझ्या घरचीले सांगा.”

“वहिनींना माहीत नाही?”

“मी सांगतलं होतं तेव्हाच. तिनं ऐकून घेतलं. पण पत्र वाचलं होतं ना पोरानं तिच्याजवळ. वकिलानं लिहून देल्लं, सही केली, म्हने. मंग ते खोटं कसं असंल? ती भांडत नाई. पण माह्या बैलबंडीत पोरायले बसू देत नाई. पोरीच्या लग्नात पाहुण्याची जीप आनाची होती तेल्हाऱ्यावरून. मी उठलो. तं साऱ्या मांडवात म्हने, त्यायले नका देऊ, झोप लागते त्यायले. लोकं हासले. मीही हासलो.” हे सांगतानाही तो हसला. “नऊ वर्ष झाले, साहेब. रात्री जागलो का दिवसा मले बंडीही हाकू देत नाई. मले सांगून काय फायदा? मी तं तिथंच होतो.”

आम्ही बांधावरून त्याच्या घराकडे निघालो. तो पुढे, मी मागे. वाटेत तो कोणत्या विहिरीवरचं इंजिन कसं कुरकुरतं ते सांगत होता, जणू मी रोजचा येणारा. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. त्या वेळी माझं वय काय होतं, वडिलांचा दरारा कसा होता, असं बरंच काही त्यांत येत होतं. अंगणात पोचेपर्यंत मी ते सगळं गाळून टाकलं.

त्याची बायको अंगणात बसून वेचलेल्या कापसातला पालापाचोळा काढत होती. थोरला मुलगा आणि सून तिथेच होते. भाऊ म्हणाला, “अमरावतीचे वकीलसाहेब आले. यायले तुह्याशी बोलाचं आहे.” ती पदर सावरून उठू लागली. मी म्हटलं, बसा. मी चपला काढल्या आणि तिच्या समोर जमिनीवर बसलो. ती गोंधळून नवऱ्याकडे पाहू लागली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि दुसरीकडे पाहत होता.

मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी यांना झोप लागली नव्हती. मी शेजारी बसलो होतो, मी पाहिलं आहे. हे पूर्ण जागे होते आणि दोन्ही हातांनी गाडी सांभाळत होते. स्टेअरिंगचा स्क्रू मी आवळला होता. यांनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग कोणाला कळू नये म्हणून मीच तो सैल केला, आणि तुम्ही ऐकलं ते पत्रही माझ्याच हातचं आहे. त्यात झोपेबद्दल लिहिलं होतं ते खोटं आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. यांचं काम माझ्यामुळे गेलं. तुमचा यांच्यावरचा भरवसाही माझ्यामुळे गेला. मी तुमची दोघांची माफी मागतो.”